रिबेका बूनच्या अंगात राजरक्त होतं म्हणे!

अमेरिकेत केंटकीची वाट पाडणाऱ्या डॅनिएल बूनची बायको रिबेका हिची एक वंशावळ कित्येक वर्षं हातोहात फिरते आहे. एकाने मांडायची, दुसऱ्याने मान खाली घालून उतरवून घ्यायची, असा प्रकार.

थोडक्यात ती अशी. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याच्या दरबारातला सर फ्रान्सिस ब्रायन आणि ऑर्मंडची काउंटेस जोन फिट्झजेराल्ड यांना १५४९ मध्ये मुलगा झाला, दुसरा फ्रान्सिस. त्याचा मुलगा विल्यम स्मिथ ब्रायन. त्याला इंग्लंडचा सेनापती क्रॉमवेल याने बंडखोर म्हणून १६५० मध्ये व्हर्जिनियात हद्दपार केलं. विल्यमचा मुलगा तिसरा फ्रान्सिस १६७७ मध्ये वाडवडिलांची जहागीर सोडवायला आयर्लंडला परतला, छळ झाला म्हणून डेन्मार्कला पळाला आणि तिथे त्याने सारा ब्रिंकर हिच्याशी लग्न केलं. ही ऑरेंजच्या राजपुत्राची चुलतबहीण. त्यांचा मुलगा मॉर्गन, जन्म डेन्मार्कमध्ये, १६७१ साली. मॉर्गनचा जोसेफ, जोसेफची रिबेका. सर फ्रान्सिस हा हेन्रीची राणी अ‍ॅन बोलिन हिचा नात्यातला भाऊ, तेव्हा रिबेकाही राणीच्या नात्यातली.

वंशावळ नेहमी खालून वर तपासावी. वरून खाली आलं की प्रत्येक पायरी खरी वाटायला लागते.

खालच्या दोन पायऱ्या पक्क्या आहेत. जोसेफ ब्रायनचं १८०४ चं मृत्युपत्र केंटकीतल्या जेफरसन काउंटीचं. त्यात मुलींच्या नावांत रिबेका बून आहे आणि मार्था बूनही आहे. मार्था डॅनिएलचा भाऊ एडवर्ड याला दिलेली. शिवाय डॅनिएलची बहीण मेरी ही रिबेकाच्या काकाची, विल्यम ब्रायनची, बायको. दोन घरांत चांगलंच साटंलोटं होतं. जोसेफचा बाप मॉर्गन हाही हाडामांसाचा माणूस: पेनसिल्व्हेनियाच्या चेस्टर काउंटीतून निघालेला, १७३० मध्ये अलेक्झांडर रॉसच्या जोडीने व्हर्जिनियात ओपेकन खोऱ्यातल्या एक लाख एकर जमीन वसाहतीसाठी मिळवणारा, पुढे नॉर्थ कॅरोलिनात याडकिन नदीकाठी सगळं गोत घेऊन बसणारा. तिथेच १४ ऑगस्ट १७५६ रोजी सतरा वर्षांच्या रिबेकाचं डॅनिएलशी लग्न लागलं.

मॉर्गनच्या वर मात्र पाय ठेवला की पायरी हलते. दाव्यातलीच सालं पुन्हा वाचा. बाप १६७७ मध्ये आयर्लंडला जातो, त्यानंतर डेन्मार्कला पळतो, तिथे लग्न करतो, आणि मुलगा डेन्मार्कमध्येच १६७१ ला जन्मलेला असतो! आईबापाच्या भेटीआधी सहा वर्षं. हे खोडायला दप्तरखान्यात जायची गरज नाही, बोटं मोजता आली की पुरे. तरी पिढ्यान्‌पिढ्या ही दोन्ही सालं शेजारीशेजारी उतरवली गेली आहेत.

सारा ब्रिंकरचंही तसंच. ऑरेंजचा राजपुत्र विल्यम म्हणजे पुढे इंग्लंडचा राजा झालेला माणूस. त्याची चुलत-आते-मावस भावंडं कोण, हे युरोपात बारकाईने नोंदलेलं आहे: स्टुअर्ट, होहेनत्सोलर्न, नासाऊ असली घराणी. त्यांत ब्रिंकर कुठून आली?

आता हद्दपार विल्यम. बाप जन्मला १५४९ ला, मुलाला बंडखोर म्हणून देशाबाहेर काढलं १६५० ला. एका पिढीत शंभर वर्षं! बापाला साठीत मुलगा झाला असं धरलं तर अगदीच अशक्य नाही म्हणा, पण अशा ठिकाणी बापलेकांना जोडणारा त्या काळचा कागद लागतो, आणि वंशावळ मांडणारे तो पुढे करत नाहीत.

राहिला सर फ्रान्सिस. तो आणि अ‍ॅन बोलिन यांच्या आया सावत्र बहिणी, हे खरं. त्याने विधवा जोनशी १५४८ मध्ये लग्न केलं, हेही खरं. फेब्रुवारी १५५० मध्ये तो आयर्लंडात क्लॉनमेलला वारला. या दीड वर्षात मूल झालंही असेल, मी अडून बसत नाही. पण वरचा खांब खरा आणि खालचा खरा, म्हणून मधला पूल खरा ठरत नाही.

या वंशावळीसोबत एक जोडदावा येतो: रिबेकाची आई हेस्टर हॅम्प्टन, ती लवकर गेली आणि पोर आजीआजोबांकडे वाढली. जोसेफच्या मृत्युपत्रात बायको म्हणून एली हे नाव आहे, हेस्टर नाही. अर्थात १८०४ ची बायको थोरल्या मुलींची आई असेलच असंही नाही. म्हणून बाप पक्का आणि आई अनिश्चित एवढंच लिहावं. ठसठशीत अक्षरात ‘हेस्टर’ कशाला?

आणि १७६२ ला जन्मलेली जेमायमा डॅनिएलची नसून त्याच्या भावाची, ही कुजबुज. ती लिहून घेतली गेली कित्येक दशकांनी, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या तोंडून. भाऊ कुठे नेड (म्हणजे एडवर्ड), कुठे स्क्वायर. ज्या गोष्टीत आरोपीच बदलतो ती वंशवृक्षात घालू नये.

गंमत म्हणजे राजाशी खरंच नातं जोडलेला एक माणूस या घरात होता, तो राजरक्ताच्या हौशींना आठवत नाही. मॉर्गनचा मुलगा सॅम्युएल, रिबेकाचा सख्खा काका. अमेरिकन क्रांतीत तो तिसऱ्या जॉर्जच्या बाजूने उभा राहिला. १७८० च्या उन्हाळ्यात याडकिनकाठची सुमारे आठशे माणसं गोळा करून तो ब्रिटिश फौजेला जाऊन मिळाला. १७८२ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या सॉल्झबरीला त्याच्यावर देशद्रोहाचा खटला चालला, फाशीची शिक्षा झाली, पण कैद्यांच्या अदलाबदलीत तो वाचला.