बटण सेल गिळला तर केळी नकोत, एक्स-रे हवा

‘बाळाने रिमोटमधला बटण सेल गिळला तर घाबरू नका, दोन केळी खाऊ घाला, सकाळी शीवाटे पडेल’ असा एक निरोप सध्या घरोघरीच्या ग्रुपांवर फिरतोय. तो चुकीचा आहे आणि जिवावर बेतू शकतो.

नाणं गिळल्यावर केळी देणं ही आपल्याकडची जुनी आजीबाई-रीत. पण सेल म्हणजे नाणं नव्हे. २० मिलिमीटरचा ३ व्होल्टचा लिथियम सेल अन्ननलिकेत अडकला, की ओलाव्यातून वीज वाहू लागते आणि तिथेच तीव्र अल्कली तयार होऊन दोन तासांत नळी भाजते. ‘संपलेल्या’ सेलमध्येही एवढी वीज उरलेली असते. सुरुवातीला मूल फक्त लाळ गाळतं, खोकतं, कधी तेवढंही नाही.

म्हणून केळी नाही, उलटी काढणं नाही. थेट एक्स-रेची सोय असलेलं रुग्णालय, किंवा १०८. मूल वर्षापेक्षा मोठं असेल आणि गिळता येत असेल तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध द्यावा, भाजणं थोडं मंदावतं. मधासाठी थांबू मात्र नये. वर्षाखालच्या बाळाला मध नकोच.

आणि घरात नुसता रिमोट तपासून भागत नाही. वजनकाटा, थर्मामीटर, गाडीची चावी, दिवाळीतल्या त्या चिनी एलईडी पणत्या (झाकण नखानेही निघतं!) हेही बघा. स्क्रूचं झाकण नसेल तर चिकटपट्टी मारा.