पानांची रंध्रे तेलाने बुजवू नका

डाळिंब बागायतदारांच्या व्हॉट्सॲप गटांतून सध्या एक संदेश फिरतो आहे. त्याचा आशय असा : पानाच्या खालच्या बाजूला हजारो भोके असतात आणि झाडाला ती मिटता येत नाहीत, त्यामुळे फुटक्या माठातून गळावे तसे पाणी वाया जाते. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत खाद्यतेल व साबणाचे पाणी फवारून ती बुजवावीत, म्हणजे ठिबकचे पाणी निम्म्यावर आणता येते. तेल नसेल तर ॲस्पिरिनच्या गोळ्या चालतात. मुळांना मेंदू नसल्याने ती पानाला काही कळवू शकत नाहीत, आणि ॲब्सिसिक आम्ल हे तर कंपन्यांनी आणलेले विष आहे.

सांगोल्याच्या माझ्या मामांनी या संदेशावर विसंबून आंबे बहाराच्या, म्हणजे उन्हाळ्यात फळ पोसणाऱ्या डाळिंबाच्या, दोन ओळींवर भर उन्हाच्या दिवसांत फवारणी केली आणि ठिबकचे तासही कमी केले. चौथ्या दिवशी त्यांनी पाठवलेल्या छायाचित्रांत पानांच्या कडा करपलेल्या होत्या, झाडाखाली पानांचा सडा पडला होता आणि पानांची सावली गेल्यामुळे लिंबाएवढ्या फळांवर उन्हाचे तपकिरी चट्टे उठू लागले होते. मी वनस्पतिशास्त्र शिकवतो. असा संदेश पुढे ढकलणाऱ्याने तो आधी स्वतःच्या एका फांदीवर तरी करून पाहायला हवा होता, असे मला वाटते.

पहिल्या विधानापासूनच चूक सुरू होते. पर्णरंध्र हे नुसते भोक नसते. त्याच्या दोन बाजूंना घेवड्याच्या दाण्याच्या आकाराच्या दोन रक्षक पेशी असतात. त्या पाण्याने फुगल्या की बाहेरच्या अंगाला वाकतात व मधली फट उघडते, आणि सैल पडल्या की फट मिटते. पटत नसेल त्याने पानाच्या खालच्या बाजूला पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ थर द्यावा, तो वाळल्यावर चिकटपट्टीने अलगद उचलून काचपट्टीवर चिकटवावा आणि शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावा. पाणी भरपूर मिळालेल्या झाडाच्या सकाळच्या पानाचा ठसा आणि ताणावरच्या झाडाच्या दुपारच्या पानाचा ठसा शेजारी शेजारी ठेवले, तर रंध्रे उघडमीट करतात की नाही हे वेगळे सांगावे लागत नाही.

ही उघडमीट कोण करवते? जमीन कोरडी पडू लागली की झाडात ॲब्सिसिक आम्ल हे झाडाचेच संप्रेरक वाढते. ते रक्षक पेशीतल्या एका ग्राही, म्हणजे निरोप पकडणाऱ्या, प्रथिनाला चिकटते. त्यामुळे एरवी लावून ठेवलेला रासायनिक ब्रेक सुटतो आणि पेशीच्या पडद्यातील वाहिन्या उघडून क्लोराइड, नायट्रेट आणि मागोमाग पोटॅशियम बाहेर पडते. क्षार गेले की पाणीही जाते, पेशी सैल होतात आणि फट मिटते. हे सारे मिनिटांच्या हिशेबात घडते. यातली ग्राही प्रथिने २००९ साली ओळखली गेली, परंतु मूळ गोष्ट त्याच्या कितीतरी आधी ठाऊक होती. १९७० साली इम्बर आणि ताल या संशोधकांनी 'सायन्स' नियतकालिकात 'फ्लॅका' नावाच्या टोमॅटोबद्दल लिहिले. जनुकात बदल झालेल्या या टोमॅटोत ॲब्सिसिक आम्ल फारच कमी बनते, त्याची रंध्रे नीट मिटत नाहीत आणि मुळाशी पाणी असूनही तो कोमेजतो. त्याला बाहेरून ॲब्सिसिक आम्ल देत राहिल्यावर रंध्रे मिटू लागली आणि त्याचे कोमेजणे थांबले. संदेशातला 'फुटका माठ' खरोखर कोठे असेल तर तो फ्लॅकामध्ये आहे, आणि त्याचे कारण त्याच्याजवळ हे आम्ल पुरेसे नाही हेच आहे. ज्याला संदेशात विष म्हटले आहे, ते मामांच्या प्रत्येक झाडात त्या झाडानेच तयार केलेले असते. बहार धरताना आपण पाणी तोडून ताण देतो, तेव्हाही झाडात हे आम्ल वाढतेच.

आता तेलाकडे वळतो, कारण नुकसान तेथे झाले आहे. रंध्रातून पाणी बाहेर जाते, त्याच वाटेने कार्बन डायऑक्साइड आत येतो. ती वाट दिवसभर बुजवली तर पान साखर बनवू शकत नाही, आणि मे महिन्यात फळ पोसायचे असते ते याच साखरेवर. शिवाय एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता पानातून निघून जाते. सांगोल्याच्या उन्हात पान तगते ते बऱ्याच अंशी या गारव्यामुळे. झाड स्वतः रंध्रे मिटते तेव्हा पाणी मिळताच ती पुन्हा उघडते, तेलाचा थर मात्र पाणी दिल्याने हटत नाही. त्यात खाद्यतेल कडक उन्हात पानाला भाजते, ही गोष्ट निंबोळी तेल संध्याकाळी फवारणाऱ्या कोणत्याही शेतकऱ्याला माहीत आहे. अशा झाडाचे पाणी त्याच आठवड्यात निम्मे करायला सांगणे हा माझ्या मते अक्षम्य बेजबाबदारपणा आहे.

बाष्परोधक, म्हणजे पानातून उडणारे पाणी कमी करणारी फवारणी, ही कल्पना मुळातच खोटी नाही, एवढे मान्य करावे लागेल. कृषी विद्यापीठे दुष्काळात ८ टक्के केओलिन (एक प्रकारची पांढरी माती) फवारायला सांगतात. पण केओलिनची पांढरी भुकटी मुख्यतः ऊन परतवून पान थंड ठेवते, तिचे काम रंध्रे बुजवण्याचे नाही. ॲस्पिरिनबद्दलही अर्धे सत्य आहेच. ॲस्पिरिनपासून सॅलिसिलिक आम्ल बनते आणि ते रंध्रे मिटवू शकते. परंतु झाड हा उपाय प्रामुख्याने जिवाणूंना आत शिरू न देण्यासाठी वापरते, हे २००६ साली मेलोट्टो व सहकाऱ्यांनी दाखवले. पाणी वाचवण्यासाठी बागेत किती गोळ्या किती लिटरमध्ये घालायच्या, याचा संदेशात उल्लेखसुद्धा नाही.

मुळे पानाला काही कळवू शकत नाहीत, हे विधानही टिकत नाही. जपानमधील संशोधकांनी २०१८ साली 'सीएलई२५' नावाचे एक लहान पेप्टाइड, म्हणजे प्रथिनासारखीच पण आखूड साखळी, शोधले. माती सुकल्यावर ते मुळांत वाढते, पानापर्यंत चढते आणि तेथे ॲब्सिसिक आम्ल बनवायला लावते. तो प्रयोग मोहरीच्या कुळातल्या एका छोट्या तणावर झाला, डाळिंबावर नव्हे. पण मेंदूवाचून निरोप पोहोचतो हे सिद्ध व्हायला तेवढा पुरे आहे.

तेल धुऊन निघेल का, असे मामांनी विचारले. करपलेले पान हिरवे होणार नाही, आणि धुण्यासाठी पुन्हा साबण मारू नये, असे मी त्यांना कळवले आहे. ठिबक पूर्वीइतके चालू केले आहे, बुंध्याभोवती उसाच्या पाचटाचे आच्छादन घातले आहे आणि उघड्या पडलेल्या फळांना कागदी पिशव्या बांधायचे काम कालपासून सुरू झाले आहे.