सीनिअर मंडळी, शेवटच्या आठवड्यात तालमीला येऊ नका

पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेचे दिवस आले की पुण्यातल्या कॉलेजांत एक जमात उगवते. माजी विद्यार्थी. मीही त्यातलाच, सध्या कॉलेजची एकांकिका बसवतोय, म्हणून हक्काने लिहितो.

प्रयोग आठवड्यावर आलेला असतो. आठच्या सुमारास दोन-तीन सीनिअर भिजलेल्या छत्र्या झटकत येतात, रनथ्रू, म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंतची तालीम, बघतात, चहा पितात आणि मग ते वाक्य येतं: "छान आहे रे, पण शेवट पोचत नाहीये." दुसरा म्हणतो, आईचं काम करणारीने रडू नये. तिसरा म्हणतो, रडावंच. मग हे सगळे घरी जातात आणि ती मुलगी दुसऱ्या दिवशी अर्धवट रडते.

शेवटच्या आठवड्यात नाटक सुधारायचं नसतं, पक्कं करायचं असतं, असं माझं स्पष्ट मत आहे. संहितेतली भोकं जुलैत बुजवायची. आता एकही वाक्य बदललं तर ते एकट्या नटाचं बदलत नाही. लाइट्सवाल्याचा ब्लॅकआउट त्या वाक्याच्या शेवटच्या शब्दावर असतो, म्युझिकवाला तोच शब्द ऐकून बटण दाबतो, विंगेतला पोरगा त्यावर खुर्ची उचलतो. तुम्ही सहज सुचवलेल्या 'एका छोट्या बदला'त चौघांचे क्यू, म्हणजे ठरलेले इशारे, मोडतात, आणि त्यातले तिघे सूचना दिली तेव्हा खोलीतही नसतात.

करायचं काय, तर न थांबवता रनथ्रू. वाक्य विसरलं तरी विंगेतून प्रॉम्प्टिंग नाही, समोरच्याने सांभाळून घ्यायचं. दिग्दर्शकाने वही घेऊन मागे बसायचं आणि तोंड बंद ठेवायचं. हे फार जड जातं, हात शिवशिवतात. नोट्स नंतर, त्याही मोजक्या. उद्या प्रत्यक्षात उतरेल तेवढंच सांगायचं.

तालमीच्या खोलीत एक गोष्ट कधीच कळत नाही: हशा. महिनाभर तेच विनोद ऐकून आमच्यापैकी कोणी हसत नाही, त्यामुळे मुलं पुढचं वाक्य लगेच टाकतात. भरत नाट्य मंदिरात 'अरे आवाज कुणाचा' करून घसा बसलेलं पब्लिक पहिल्याच विनोदाला असं उसळतं की पुढची दोन वाक्यं वाहून जातात, आणि गोष्टीची मेख नेमकी त्यातच असते. म्हणून आम्ही पहिल्या वर्षाच्या पोरांना समोर बसवतो, कुठेही हसायला सांगतो. नटांनी हशा ओसरू लागेपर्यंत थांबायचं, पण भूमिकेतून बाहेर न येता. नुसतं थांबलं की चोरी पकडल्यासारखं दिसतं.

खडूने आखलेल्या रंगमंचाचंही तसंच. वर्गात चार पावलांत होणारी एक्झिट भरतवर सात पावलांची होते आणि शेवटची तीन पावलं नट नुसताच चालत असतो. मोजून आखून घ्या.

1963 पासून ही स्पर्धा चालू आहे, म्हणजे प्रत्येक पिढीला 'आमच्या वेळी' म्हणायची भरपूर सोय आहे. 2022 मध्ये परीक्षकांनी करंडक कुणालाच द्यायचा नाही असं ठरवलं, तेव्हा तर या वाक्याला ऊत आला होता. त्या निर्णयावर वाद घालायला मला आवडेल, पण तो कट्ट्यावर. तालमीत नको. तिथल्या एकोणीस वर्षांच्या मुलाला तुमचं वर्ष, तुमचा करंडक आणि तुमचा परीक्षकांवरचा राग यातलं काहीही उपयोगाचं नसतं.

काही सीनिअर मात्र हवेच असतात. एक ताई येते, काही बोलत नाही, प्रॉपर्टीच्या, म्हणजे नाटकात लागणाऱ्या वस्तूंच्या, यादीवर खुणा करत बसते आणि जाताना विचारते, "पत्राचा दुसरा कागद कुठाय?" दरवेळी तो कागद खरंच हरवलेला असतो.

बाकीच्यांनी प्रयोगाला जरूर या, घसा फाटेपर्यंत ओरडा. सूचना निकालानंतर ऐकू, चहा तुमच्याकडून. आणि तिसऱ्या घंटेआधी ग्रीनरूममध्ये डोकावून 'फक्त एकच सांगतो' म्हणणाऱ्यांसाठी यंदा दाराशी बॅकस्टेजचा सगळ्यात आडदांड पोरगा उभा केलाय.