अरे, हँडल सोड!

आज सकाळपासून एकच रील दहा ठिकाणांहून समोर आलं. व्यावसायिक फुटबॉलपटू, हंगाम संपवून सुट्टीवर गेलेला. नाव लिहीत नाही, मुद्दा त्याच्या एकट्याचा नाही. पाण्यात उकिडवा बसलाय, पायांत वॉटर-स्की, म्हणजे पाण्यावर घसरायच्या लांब पट्ट्या, हातात बोटीला बांधलेल्या दोरीचं हँडल. बोट जोर घेते. त्याचे गुडघे झटक्यात सरळ होतात, तो कंबरेतून पुढे वाकतो आणि हँडल घट्ट धरून तसाच तोंडावर फरफटत जातो. बोटीवरचे मित्र खदाखदा हसतायत. खाली हसऱ्या इमोजींचा पाऊस.

मला संताप आला. यात हसण्यासारखं काय आहे? मांडीच्या मागचा स्नायू हाडापासून उपटून निघतो तो नेमका असाच.

नीट समजून घ्या. हॅमस्ट्रिंगचे, म्हणजे मांडीच्या मागचे स्नायू आपण बसताना जे हाड टेकतं तिथून सुटतात आणि गुडघ्याच्या खाली जाऊन जुळतात. म्हणजे ते दोन सांध्यांवरून जातात. कंबर वाकली की वरून ताण, गुडघा सरळ झाला की खालून ताण. दोन्ही एकदम झालं आणि वर इंजिन ओढत असलं, की स्वतःला वाचवायला आकसू पाहणारा स्नायू त्याच क्षणी लांबवला जातो. मग तो मध्ये फाटण्याऐवजी वर हाडापासूनच सुटतो. फट् असा आवाज होतो, नीट बसता येत नाही, दोन दिवसांत मांडी मागून काळीनिळी पडते. आणि इथेच दुसरी चूक होते. साधा ताण आलाय समजून माणूस बर्फ लावत उरलेली सुट्टी काढतो. स्नायूला हाडाशी जोडणारे तिन्ही टेंडन पूर्ण सुटून खाली सरकले असतील, तर ते हाडात अँकर, म्हणजे छोट्या खुंट्या, घालून परत शिवावे लागतात आणि ते पहिल्या दोन-तीन आठवड्यांत झालेलं बरं. उशीर झाला की टोक आखडतं, आजूबाजूला चिकटतं, आणि शेजारून पायात जाणारी सायटिक नस सांभाळत ते मोकळं करावं लागतं. मैदानावर परतायला साधारण सहा महिने धरा. म्हणजे जूनमध्ये पाण्यात पडलेला माणूस थेट डिसेंबरात.

आणि हे असं कोणाला होतं? बहुतेक वेळा नवख्याला. मुरलेल्या स्कीअरचे गुडघे बोट निघताना छातीशी असतात, हात सरळ असतात, स्कीची टोकं पाण्याबाहेर असतात. तो उभं राहायची घाईच करत नाही, बोट त्याला उचलते. फुटबॉलपटूचे पाय ताकदीचे, त्यामुळे तो उलट करतो. ओढ जाणवली की जमिनीवरून उसळल्यासारखा पाय ताणून उभा राहायला बघतो. ते रील परत बघा, नेमकं तेच झालंय.

त्यातून हा सुट्टीचा काळ. हंगाम संपला की पूर्ण वेगाच्या धावा बंद, नॉर्डिक कर्ल (हॅमस्ट्रिंगचा खास व्यायाम) बंद, मांडीला लांबताना भार पेलायची जी सवय असते ती काही आठवड्यांतच उतरायला लागते. फोटोत शरीर तसंच दिसतं, आतला स्नायू तो राहिलेला नसतो. युएफा या युरोपीय फुटबॉल संघटनेच्या क्लब-पाहणीत २००१-०२ साली एकूण दुखापतींत हॅमस्ट्रिंगचा वाटा १२ टक्के होता, २०२१-२२ मध्ये तो २४ टक्क्यांवर गेला. जो स्नायू मैदानावरच इतका जातो, तो तुम्ही बोटीला बांधता?

वेकबोर्डचं, म्हणजे बोटीमागे एकाच फळीवर उभं राहायच्या खेळाचं, वेगळं. वॉटर-स्कीमधून पडताना पाऊल बहुधा निसटतं. वेकबोर्डचे बूट सहसा निसटत नाहीत, दोन्ही पाय एकाच फळीला जखडलेले. पुढची कड पाण्यात रुतली की फळी जागच्या जागी थांबते आणि वरचं शरीर ताशी ३० किलोमीटरने पुढे जातं. पीळ बसतो गुडघ्याला आणि एसीएल, म्हणजे गुडघा आतून धरून ठेवणारा अस्थिबंध, जातो. नाहीतर डोकं पाण्यावर आपटतं. कानावर पडलात तर पडदा फाटतो.

रबरी ट्यूब तर सगळ्यात निरुपद्रवी वाटते. पण बोट वळली की ट्यूब बाहेरच्या अंगाने झोकांडते आणि बोटीपेक्षा जास्त वेगाने जाते, वर बसलेल्याच्या हातात काहीच नसतं. दोघं बसले असतील तर एकाचं डोकं दुसऱ्याच्या जबड्यावर.

जेट-स्की, म्हणजे पाण्यावरची मोटरसायकल, तिच्याबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. ती वळते मागून सुटणाऱ्या पाण्याच्या झोताने. समोर काही आलं की घाबरलेला माणूस आधी थ्रॉटल, म्हणजे वेग द्यायची कळ, सोडतो. झोत गेला की वळणं संपलं, यंत्र सरळ पुढे जात राहतं. वळायचं तर थोडं थ्रॉटल द्यावंच लागतं, आणि हे भाड्याने देणारे दोन मिनिटांच्या सूचनांत धड सांगत नाहीत. पडलात तर इंजिन बंद करणाऱ्या किल-स्विचची दोरी मनगटाला किंवा लाइफ जॅकेटला अडकवा. बसणाऱ्या प्रत्येकाने, मागच्याने तर नक्कीच, जाड रबरी वेटसूटची पँट घालावी, कारण मागच्या बाजूला झोताजवळ पडलं तर पाणी शरीरात शिरून आतल्या भयंकर जखमा होतात. उत्पादक हे यंत्रावरच छापतात. पोहायच्या चड्डीत बसलेल्या किती जणांनी ते वाचलंय?

रीलखाली कुणीतरी लिहिलंच आहे, अपघात घरीही होतो. होतो. स्पेनचा गोलरक्षक कॅनिझारेसच्या पायावर २००२ च्या वर्ल्ड कपआधी हॉटेलात आफ्टरशेव्हची बाटली पडली आणि त्याची स्पर्धा हुकली. मान्य. पण बाटली हातातून निसटणं वेगळं आणि ४०० अश्वशक्तीच्या इंजिनाला स्वतःला जोडून घेणं वेगळं.

जर्मनीचा आणि बायर्न म्युनिकचा गोलरक्षक मानुएल नॉयरचं आठवा. पाणी नव्हतं, बर्फ होता, पण गोष्ट तीच. डिसेंबर २०२२, जर्मनी कतारच्या वर्ल्ड कपमधून गटातच बाहेर, सुट्टीत स्कीइंग, पाय मोडला. बायर्नला जानेवारीत यान झोमर या दुसऱ्या गोलरक्षकाला आणावं लागलं. नॉयर गोलमध्ये परत उभा राहिला तो ऑक्टोबर २०२३ मध्ये. देशासाठी खेळताना कुणी जखमी होऊन २८ दिवसांहून जास्त बाहेर बसला, तर फिफाच्या योजनेतून क्लबला पगाराची भरपाई मिळते, कमाल ७५ लाख युरोपर्यंत. सुट्टीतल्या बोटीसाठी तसली कुठलीही योजना नाही.

लिहिता लिहिता माझा त्या पोरावरचा राग मात्र उतरलाय. वर्षभर कधी उठायचं, काय खायचं, किती धावायचं, सगळं दुसऱ्याने ठरवलेलं. चार आठवडे मोकळे मिळाले तर पाण्यात उतरावंसं वाटणारच. उतरावंच. पोहा, पॅडल-बोर्डवर उभे राहा, शांत पाण्यात कायाक चालवा. तिथे वेग तुमच्या हातात असतो.

राग आता क्लबवर येतोय. करारात एक कलम असतं, तंदुरुस्तीला किंवा विम्याला धोका पोचेल असं काही करायचं नाही. सही घेतली की काम झालं. कुठल्या खेळात नेमकं काय तुटतं हे सुट्टीवर जायच्या आदल्या दिवशी फिजिओने त्याला समोर बसवून सांगितलंय का? अर्धा तास पुरतो. नुसतं 'करू नका' म्हटलं की बावीस वर्षांचा पोरगा ते करतो आणि वर लपवतो. लपवलं की दुखलेलंही लपवतो आणि शस्त्रक्रियेचे ते पहिले आठवडे हातचे जातात. लपवणाऱ्यापेक्षा दुसऱ्या दिवशी फोन करून 'पडलो, बसताना दुखतंय' म्हणणारा खेळाडू क्लबला हजारपट स्वस्त पडतो. त्याला दंड लावू नका, एमआरआय करा.

बोट चालवणाऱ्यालाही माझं सांगणं आहे. नवखा मागे असेल तर दोरी आधी ताठ होऊ दे, मग सावकाश ओढ. एक माणूस सतत मागे बघणारा हवा आणि पडला की थ्रॉटल बंद. त्या रीलमध्ये मागे बघणारे सगळे फोन धरून बसले होते.

आणि त्या पोराला कुणीतरी दोनच शब्द सांगायला हवे होते, हँडल सोड. गुडघे सरळ झालेत असं वाटलं, तोल पुढे गेला, की हात उघडायचे. दोरी निघून जाते, तुम्ही पाण्यात बसता, बोट वळून परत येते. पण मैदानावर त्याला लहानपणापासून शिकवलंय, शर्ट ओढला तरी पडू नकोस, पाय अडकला तरी बॉल सोडू नकोस. म्हणून तो धरून राहिला. मी मोजलं, तोंड पाण्याखाली गेल्यावरही चार सेकंद हँडल त्याच्या मुठीत आहे.