दोन कनेक्शनच्या मर्यादेने स्पॅम थांबत नाही

पोस्टफिक्स या मेल सर्व्हर सॉफ्टवेअरसाठी सिस्टिम ॲडमिनांच्या ग्रुपांवर एक रामबाण उपाय फिरतोय: ‘पोस्टफिक्समध्ये एका आयपीला दोनच कनेक्शन द्या, मिनिटाला पाचच्या वर नकोत, पोर्ट २५ची (सर्व्हर एकमेकांना मेल देतात त्या दाराची) बँडविड्थही आवळा. स्पॅम बंद, सर्व्हर हलका. मेल हरवत नाही, पाठवणारा पुन्हा प्रयत्न करतोच.’

स्पॅम बंद? कनेक्शन मोजणारा पोस्टफिक्सचा भाग, ‘अँव्हिल’, मोजतो आयपी पत्त्यागणिक. बॉटनेट, म्हणजे स्पॅमरच्या ताब्यातल्या संगणकांचं जाळं, येतं हजारो पत्त्यांवरून, प्रत्येकी एखाददुसरं कनेक्शन घेऊन. ते सुटतं. अडकतो तो एकाच पत्त्यावरून रीतसर ढीगभर मेल पाठवणारा. चोर सोडून संन्याशाला सुळी! ही मर्यादा गैरवापर रोखण्यासाठी आहे, रास्त मेलला वेसण घालायला नाही, असं पोस्टफिक्सच्या दस्तऐवजातच बजावलेलं आहे.

बँडविड्थचा सल्ला तर उलटाच पडतो. पोस्टफिक्समध्ये अशी सोयच नाही. लिनक्सच्या ‘टीसी’ या ट्रॅफिक आवळणाऱ्या साधनाने ते करावं लागतं. समजा, १ मेगाबिटवर आणलंत. १० एमबीच्या एका मेलला ८० सेकंद. असे दहा एकदम आले तर तेरा मिनिटांच्या वर, आणि तोवर दहा प्रोसेस (दर कनेक्शनला एक) अडकलेल्या. मुळात मिळतात १००. यात हलकं काय झालं? त्याच लाइनवर ऑफिसचे फोनही चालत असतील तर थोडं आवळणं समजू शकतो, पण तेही सैल हाताने.

‘पुन्हा प्रयत्न करतोच’ हे अर्धसत्य. मर्यादा ओलांडली की मिळणारा ४२१ हा कोड म्हणजे तात्पुरता नकार, त्यामुळे मेल रांगेत राहतो हे खरं. पण मेलच्या देवाणघेवाणीचे नियम देणारा दस्तऐवज, आरएफसी ५३२१, सांगतो की दोन प्रयत्नांत निदान ३० मिनिटांचं अंतर ठेवा. दहा मिनिटांचा ओटीपी तोवर शिळा झालेला असतो. शिवाय हे सर्व्हर-सर्व्हरमधलं झालं. पोर्ट ५८७वर, म्हणजे वापरकर्ते आपला मेल सर्व्हरला देतात त्या दारावर, माणसं असतात. चाळीस जणांची शाखा एका राऊटरमागे म्हणजे सर्व्हरला एकच आयपी, आणि चाळीस जणांत दोनच कनेक्शन. ‘मायनेटवर्क्स’ या पोस्टफिक्सच्या विश्वासू पत्त्यांच्या यादीतल्यांना ही मर्यादा मुळातच लागू नसते, म्हणून मुख्य ऑफिसात बसलेल्या ॲडमिनला सगळं आलबेल दिसतं. मलाही दिसलं होतं, शाखेतून फोन येईपर्यंत.

एका पत्त्याला ५० कनेक्शनची मूळची मर्यादा राहू द्या. पोर्ट २५च्या दारात ‘पोस्टस्क्रीन’ हा पोस्टफिक्सचाच पहारेकरी बसवा. तो नव्या पाहुण्याला सहा सेकंद ताटकळत ठेवतो आणि पाळीआधीच बोलू लागणारे बॉट पकडतो. तरीही आकडा बदलायचाच असेल तर आठवडाभर लॉगमधल्या अँव्हिलच्या ओळी पाहा. कोणत्या पत्त्यावरून जास्तीत जास्त किती कनेक्शन आली, ते तो स्वतःच लिहून ठेवतो.