कुलूप-किल्लीबद्दलच्या आक्षेपांना उत्तर

नमस्कार सर,

संप्रेरक आणि रिसेप्टर (पेशीतलं ते प्रथिन, ज्यात संप्रेरक येऊन बसतं) यांच्यावरच्या माझ्या लेखावर तुम्ही तीन आक्षेप घेतलेत. 'दोघांत रासायनिक बंध तयार होतो' हे वाक्य चूक आहे. 'रिसेप्टर म्हणजे कुलूप, संप्रेरक म्हणजे किल्ली' ही उपमा मोडीत काढून मी विद्यार्थ्यांना उगाच गोंधळात टाकलं. आणि किल्ली 'सैल' बसत असेल, तर संप्रेरक इतक्या चिमूटभर मात्रेत काम कसं करतं?

पहिला आक्षेप बिनशर्त मान्य. 'रासायनिक बंध' म्हटलं की सहसंयुज बंधच (अणूंनी इलेक्ट्रॉन वाटून घेऊन केलेला पक्का बंध) डोळ्यांपुढे येतो, आणि तसा बंध इथे होत नाही. झाला असता तर संप्रेरक तिथेच ठाण मांडून बसलं असतं आणि निरोप कधी थांबलाच नसता. वाक्य दुरुस्त केलं आहे.

आता क्रम सोडून आधी तिसऱ्याकडे येतो, कारण तो प्रश्न वाचून मी माझाच लेख पुन्हा काढून बसलो. 'सैल' मी लिहिलं ते इस्ट्रोजेन रिसेप्टरच्या १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या क्ष-किरण रचनेवरून. या रिसेप्टरमध्ये बसणारं संप्रेरक म्हणजे एस्ट्रॅडिओल. त्याच्या रेणूचं आकारमान सुमारे २४५ घन अँगस्ट्रॉम (अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग), आणि तो ज्या खोबणीत बसतो ती सुमारे ४५० घन अँगस्ट्रॉमची. जवळजवळ दुप्पट! पण ही मोकळी जागा आहे ती रेणूच्या मधल्या भागाच्या वर-खाली. टोकं पक्की धरलेली असतात. एका टोकाच्या हायड्रॉक्सिल (OH) गटाला ग्लुटामेट ३५३, आर्जिनिन ३९४ (रिसेप्टरच्या साखळीतली त्या-त्या क्रमांकाची अमिनो आम्लं) आणि तिथेच मुक्काम ठोकून असलेला पाण्याचा एक रेणू असे तिघे हायड्रोजन बंधांनी धरतात. सुमारे ११ अँगस्ट्रॉम पलीकडच्या दुसऱ्या टोकाला हिस्टिडिन ५२४. तेव्हा 'सैल' हा शब्द सरसकट वापरायला नको होता.

गंमत अशी की एवढ्या ताकदीच्या पकडीचं श्रेय या हायड्रोजन बंधांना फारसं देता येत नाही. बाहेर असताना तेच हायड्रॉक्सिल गट पाण्याशी हायड्रोजन बंध करूनच असतात. आत येताना ते तोडावे लागतात, त्यामुळे निव्वळ कमाई थोडी. मोठी कमाई मधल्या तेलकट कड्यांची. त्यांच्याभोवती आणि खोबणीच्या तेलकट भिंतींलगत अडकलेलं पाणी मोकळं होतं, आणि जोडी जमते ती मुख्यतः त्यामुळे. परिणामी लिटरभर द्रावणात नॅनोमोलच्या (मोलच्या अब्जाव्या भागाच्या) काही दशांश इतकं मोकळं एस्ट्रॅडिओल असलं तरी निम्मे रिसेप्टर भरलेले सापडतात.

मग हायड्रोजन बंध कशाला? निवड करायला. टेस्टोस्टेरॉनचा सांगाडा बराचसा असाच, पण पहिल्या टोकाला हायड्रॉक्सिलच्या जागी कीटोन (दुहेरी बंधाचा ऑक्सिजन, हायड्रोजनशिवाय). ग्लुटामेटला हायड्रोजन हवा असतो, कीटोनकडे द्यायला तो नसतो. टेस्टोस्टेरॉनच्या स्वतःच्या रिसेप्टरमध्ये नेमक्या त्या जागी ग्लुटामेटऐवजी ग्लुटामिन आहे, आणि त्याच्याकडे द्यायला हायड्रोजन आहे. एका अमिनो आम्लाचा फरक! (हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी दोन्ही रेणू कागदावर काढून खात्री करून घेतली होती.)

राहिली उपमा. तिच्यावर मात्र मी अडून आहे. एमिल फिशरनं १८९४ मध्ये ती एन्झाइमसाठी वापरली, तेव्हा प्रथिन आतून कसं दिसतं हे कुणी पाहिलेलं नव्हतं. कुलूप किल्लीसाठी आपला आकार बदलत नाही, रिसेप्टर बदलतो. एस्ट्रॅडिओल आत बसलं की रिसेप्टरचाच हेलिक्स १२ नावाचा तुकडा झाकणासारखा खोबणीवर येतो, आणि त्यातून बाहेरच्या बाजूला जो पृष्ठभाग तयार होतो त्यावर पुढची सहायक प्रथिनं येऊन बसतात. जनुक चालू होण्याची खटपट तिथून सुरू होते.

आता रॅलॉक्सिफेन हे औषध घ्या. ते त्याच खोबणीत बसतं, तेच ग्लुटामेट, तेच आर्जिनिन, तेच हिस्टिडिन धरतं. पण त्याचा एक लांब हात खोबणीबाहेर डोकावतो आणि झाकण लागू देत नाही. बाजूला ढकललेला हेलिक्स १२ नेमका सहायक प्रथिनांच्या जागेवर जाऊन आडवा पडतो. किल्ली बसली, कुलूप उघडलं नाही. विद्यार्थ्यानं मला विचारलं, 'बसली तर उघडत का नाही?', तर तुमच्या उपमेतून मी काय उत्तर देऊ?

लेखातला 'सैल' काढून 'टोकांना धरलेला, मधे मोकळा' असं करतो आहे. उपमा परत घालणार नाही.