सब्र कर म्हणणाऱ्यांनो, त्या आईला रडू द्या

आज दुपारी मिरजेत एका जियारतीला, म्हणजे मय्यतीनंतरच्या दुआला, गेले होते. गेलेलं लेकरू सहावीतलं. न्यूमोनियाचं निमित्त झालं. कुराणखानी संपली होती, बायकांच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती आणि त्याची आई भिंतीला टेकून रडत होती. एकेक जण पुढे व्हायची, तिच्या पाठीवर हात ठेवायची आणि तेच. सब्र कर, धीर धर. अल्लाह की मर्जी. एकीने तर कहरच केला. म्हणाली, एवढं रडणं म्हणजे अल्लाहवर नाराजी, ईमान, म्हणजे अल्लाहवरची श्रद्धा, कमजोर होतं त्याने. त्या माउलीने पदर तोंडात कोंबला हो! माझ्या डोळ्यांसमोर. मय्यतीच्या घरात तोंड उघडायचं नाही म्हणून गप्प बसले. इथे नाही बसणार.

आपल्या पैगंबरांचा लहानगा मुलगा, इब्राहिम, मदिनेत त्यांच्या मांडीवर शेवटचे श्वास घेत होता तेव्हा ते रडले. सोबतच्या साथीदारांना, सहाबींना, नवल वाटलं, तुम्हीसुद्धा? त्यावर त्यांनी सांगितलं, ही रहमत आहे, दया आहे. डोळे रडतात, काळीज तुटतं, पण रबला आवडणार नाही असं आम्ही बोलत नाही. हे मदरशातल्या पोराला माहीत असतं. आणि पैगंबर हजरत याकूब? दुरावलेल्या लेकासाठी, युसूफसाठी रडून रडून त्यांचे डोळे पांढरे झाले, कुराणातच आहे. त्यांचं ईमान कमजोर होतं का? बोला ना!

छाती बडवू नये, आक्रोश करू नये असं सांगितलंय. मान्य. पण ती बाई आक्रोश करत नव्हती, नुसती रडत होती.

मला अब्बा आठवले. अब्बा तंबोरे करायचे. पंढरपूरकडून भोपळे यायचे, घरभर टांगलेले असायचे, त्यांच्याखाली आम्ही पोरं वाढलो. मी नववीत असताना धाकटा भाऊ गेला, आठ वर्षांचा होता. अब्बांची नमाज कधी चुकली नाही, त्या दिवशीही नाही. पण त्यानंतर ते नमाज संपवणारा सलाम फेरायचे आणि सरळ उठायचे. आधी लांबलचक दुआ मागणारा माणूस, आता हातच वर करेना. मशिदीत कुजबुज सुरू झाली. शेवटी एका बुजुर्गांनी टोकलं. अब्बा म्हणाले (घरात आम्ही दखनी बोलतो, मराठीत सांगते), "नमाज फर्ज आहे, ती पढतोय. दुआ मनाची आहे. मन होईल तेव्हा मागेन."

आज त्या खोलीत कुणी अब्बांसारखं बोललं असतं तर त्यालाही कमजोर ठरवलं असतं. अब्बांचं ईमान कमजोर! अल्लाह नाही असं ज्याला वाटतं तो त्याच्याशी अबोला कशाला धरेल?

दर जुम्म्याला, शुक्रवारी, आपण कुराणातली सूरह कहफ पढतो. त्यात हजरत मूसा खिज्रसोबत, म्हणजे अल्लाहने खास ज्ञान दिलेल्या बुजुर्गांसोबत, निघतात, काही विचारणार नाही असं कबूल करून. खिज्र गरिबांच्या नावेला भोक पाडतात, मूसा बोलतात. खिज्र एका मुलाचा जीव घेतात, तेव्हा तर मूसा उसळतातच, निष्पाप जीव घेतलात? गावाने जेवायलाही दिलं नाही तिथली पडकी भिंत बांधून देतात, तेव्हाही मूसा बोलतातच. मौलानासाहेब म्हणतात, यातून सब्र शिका. शिकू. पण मूसा पैगंबर होते आणि लेकराचा जीव जाताना पाहून त्यांनाही गप्प बसवलं नाही. शिवाय त्यांना शेवटी तिन्ही गोष्टींची कारणं कळली. आमच्या घराला आजवर कुणी कारण सांगितलेलं नाही.

ही दुनिया म्हणजे इम्तिहान, असं लहानपणापासून ऐकलं. मग आठ वर्षांच्या माझ्या भावाने कुठला पेपर लिहिला? हा प्रश्न मी नववीत अब्बांना विचारला होता. ते तंबोऱ्याची जवारी काढत, म्हणजे त्याचा झंकार जुळवत, बसले होते. घोडीवर हलकेच कानस फिरवायची, तार छेडायची, तारेखालचा दोरा केसभर सरकवायचा, पुन्हा छेडायची. माझा प्रश्न ऐकून हात थांबला. म्हणाले, मलाही हेच विचारायचंय त्याला. बस. रागावले नाहीत, तौबा कर म्हणाले नाहीत. माझं ईमान त्या दिवशी वाचलं असं मी आजही मानते.

अम्मीचं वेगळं होतं. लहान मूल जन्नतीत जातं आणि आईबापाला बोट धरून नेतं, एवढ्या एका गोष्टीवर ती पुढची सगळी वर्षं जगली. तिला सब्र या शब्दाने आधार दिला, नाकारत नाही. पण तिने तो स्वतः धरला होता, कुणी तिच्या तोंडावर दाबला नव्हता.

आणि आता दुसऱ्या बाजूचं. संध्याकाळी शाळेतल्या मैत्रिणीचा फोन आला. जीव लावणारी बाई आहे, वाईट हेतूने नाही बोलली. म्हणाली, "तुमच्यात बरं असतं गं, सगळं अल्लाहवर सोडून मोकळं. आम्हीच आपले का, का करत बसतो." मी नुसतं हं म्हटलं. दिवसभर आपल्या माणसांकडून ऐकलं की प्रश्न विचारू नये, आणि संध्याकाळी हिच्याकडून कळलं की आम्हाला प्रश्न पडतच नाहीत!

अगं, बगदादच्या निजामिया मदरशात शिकवणारा गझाली, इस्लामचा केवढा मोठा आलिम, विद्वान. त्याला मनातल्या प्रश्नांनी असं ग्रासलं की वर्गात तोंडातून शब्द फुटेना. 1095 मध्ये नोकरी, मानमरातब सगळं सोडून निघून गेला. कित्येक वर्षांनी पुन्हा शिकवायला बसला. आज सगळे त्याचंच नाव आदराने घेतात.

अब्बांनी पुढे कधीतरी हात वर केले. कधी ते मला नक्की सांगता येणार नाही, एका मगरिबला, संध्याकाळच्या नमाजेला, पाहिलं एवढंच. काय मागितलं ते आम्ही विचारलं नाही. आमच्या दर्ग्याच्या उरुसात गाणाऱ्यांच्या मागे त्यांचे तंबोरे वाजत राहिले. जगणं कशासाठी, हे ना त्यांना सुटलं ना मला. मी नमाज पढते कारण विचारायला कुणीतरी आहे यावर माझा विश्वास आहे. उत्तर मिळालं म्हणून नाही.

बाई, तू हे वाचशीलच. रागावले नाहीये तुझ्यावर, खरंच. सोमवारी मधल्या सुट्टीत बस माझ्याजवळ, मूसा आणि खिज्रची गोष्ट तुला पूर्ण सांगते. आणि तुझे का का आहेत ना, तेही घेऊन ये.